आधी खोली मोजा, मग लेन्स घ्या



या स्तंभाकडे येणारी पत्रे बहुधा भविष्य निर्वाह निधी, शाळेची फी, शिष्यवृत्तीचे अर्ज किंवा घरभाडे याच विषयांची असतात. या खेपेला एका भगिनीचे वेगळेच पत्र आले आहे. त्या दोन घरी स्वयंपाकाचे काम करतात. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि एका फोटोग्राफरच्या हाताखाली लग्नाच्या कामाला जातो. त्याने स्वतःच्या कमाईतून जुना कॅमेरा घेतला, त्याबरोबर १८-५५ ची साधी लेन्स आली. आता तो ७०-२०० ची जुनी लेन्स ६०,००० रुपयांना घ्यायची म्हणतो. त्यासाठी आईने बचत गटातून कर्ज काढावे, असा त्याचा आग्रह आहे. ताई लिहितात, "दादा, लेन्स म्हणजे काय ते मला कळत नाही. पण साठ हजार म्हणजे काय ते कळते. मुलाची हौस आहे की धंदा, एवढे सांगा."

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देतो. ही हौस नाही, धंदाच आहे आणि चांगला धंदा आहे. परंतु जी लेन्स मागितली आहे ती या धंद्याच्या पहिल्या पायरीवरची नाही. कमी पैशात त्याहून उपयोगी लेन्स मिळते. हे मी केवळ पैसे वाचवा म्हणून सांगत नाही. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांचे फोटो मी बरीच वर्षे काढतो आहे. व्यवसाय कारकुनाचा, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा आकडा मांडून पाहण्याची सवय आहे. तो हिशेब आज आपल्यापुढे ठेवतो. ज्यांच्या घरात असा होतकरू मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी हा अंक त्यांच्या हाती द्यावा.

लेन्सवरचे दोन आकडे

लेन्सच्या तोंडाशी बरेच काही लिहिलेले असते. त्यातले दोनच आकडे आपल्या कामाचे आहेत. पहिला मिलिमीटरचा. १८, ३५, ५०, ८५, २०० असे हे आकडे असतात. आकडा लहान असेल तर फोटोत जास्त जागा मावते, आकडा मोठा असेल तर दूरचे जवळ दिसते आणि कमी जागा मावते. १८-५५ असे दोन आकडे असतील तर ती झूम लेन्स. नुसता ५० असेल तर ती एकाच आकड्याची लेन्स, तिच्यात पुढे-मागे करायचे असेल तर आपणच पायांनी चालायचे.

दुसरा आकडा 'एफ'चा. लेन्सच्या आतले भोक किती मोठे उघडते ते हा आकडा सांगतो. येथे एक उलटी गोष्ट लक्षात ठेवावी. एफचा आकडा जितका लहान तितके भोक मोठे आणि उजेड जास्त. १.४, २, २.८, ४, ५.६, ८ ही ओळ पाठ करावी. या ओळीत एक पायरी पुढे गेले की उजेड निम्मा होतो.

कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची लेन्स ५५ वर नेली की तिचे भोक ५.६ च्या पलीकडे उघडत नाही. ५० मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स २ वर ठेवली तर मध्ये तीन पायऱ्या होतात, म्हणजे आठपट उजेड. आठपट म्हणजे व्यवहारात काय? समजा हॉलमधल्या ट्यूबलाइटच्या उजेडात साध्या लेन्सने शटरला एका सेकंदाचा तेरावा भाग वेळ लागतो. तेवढ्या वेळात नवरीने मान वळवली, बाळाने हात हलवला की फोटो पुसट झाला. त्याच जागी दुसऱ्या लेन्सने सेकंदाच्या शंभराव्या भागात काम होते. माणूस स्थिर येतो, डोळे स्पष्ट येतात.

काही लेन्सवर हात हलण्याला आळा घालणारी सोय असते. दुकानदार तिची भरपूर जाहिरात करतो. ती सोय चांगली आहे, पण ती फोटो काढणाऱ्याच्या हाताचा थरकाप थांबवते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. कार्यक्रमात हलतो तो समोरचा माणूस. म्हणून तेथे भोक मोठे हवे.

आता मुलाने मागितलेली लेन्स पाहू. ७०-२०० एफ २.८ या लेन्सचे वजन सुमारे दीड किलो असते आणि ती हातात घेतली की माणूस मोठा फोटोग्राफर दिसतो, हे खरे. परंतु एफ १.८ च्या लहानशा लेन्समधून तिच्यापेक्षा जवळजवळ अडीचपट उजेड आत येतो. उजेडाच्या बाबतीत तरी स्वस्त लेन्सच पुढे आहे.

खोली मोजून पाहा

दुसरा मुद्दा जागेचा, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत तोच सर्वांत मोठा आहे. पुस्तकात लिहिलेले असते की पोर्ट्रेटला ८५ किंवा त्याहून मोठी लेन्स घ्यावी. पण ते लिहिणाऱ्याच्या स्टुडिओत मागे सरकायला वीस-पंचवीस फूट जागा असते. आपल्याकडे नामकरण होते ते दहा बाय दहाच्या खोलीत.

होतकरू मुलांजवळ साधारणपणे जे कॅमेरे असतात, ते लहान सेन्सरचे म्हणजे एपीएस-सी जातीचे असतात. त्यांच्यासाठी एक सोपा ठोकताळा देतो. कॅमेरा आडवा धरला तर फोटोत किती रुंदीची जागा मावेल ते यावरून कळते. १८ च्या लेन्सने अंतराच्या सव्वापटीहून थोडी जास्त. २४ च्या लेन्सने जवळपास अंतराइतकीच. ३५ च्या लेन्सने अंतराच्या दोन तृतीयांश. ५० च्या लेन्सने अंतराच्या निम्म्याला थोडी कमी. ७० च्या लेन्सने एक तृतीयांश. ८५ च्या लेन्सने पाव हिश्शाच्या आसपास. २०० च्या लेन्सने नववा भाग.

आता दहा बाय दहाची खोली घ्या. फोटोग्राफर भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि माणसे समोरच्या भिंतीशी बसली, तरी मधले अंतर आठ फुटांपेक्षा जास्त होत नाही. १८ वर सुमारे दहा फूट रुंदी मावते, म्हणजे सगळे कुटुंब बसते. ३५ वर सव्वापाच फूट, म्हणजे आई-बाप, मांडीवर बाळ आणि बाजूला आजी. ५० वर चार फुटांहून थोडी कमी, म्हणजे दोन-तीन माणसे कमरेपर्यंत. आणि ७०-२०० ची लेन्स तिच्या सर्वांत लहान आकड्यावर म्हणजे ७० वर ठेवली, तरी मावतात फक्त पावणेतीन फूट. आई आणि बाळ, संपले. दोन्ही आज्या एका फोटोत येणार नाहीत. साठ हजारांची लेन्स अशा घरात पिशवीतून बाहेरच निघणार नाही.

हॉलमध्ये चित्र बदलते. स्टेजपासून पंधरा फुटांवर उभे राहून ५० च्या लेन्सने सात फूट रुंदी मिळते. नवरा-नवरी गुडघ्यापर्यंत छान येतात, कॅमेरा उभा धरला तर पायापर्यंत येतात. मोठ्या सभेत मात्र वक्ता तीस फुटांवर असतो आणि पुढे जाता येत नाही. तेथे २०० लागते. ३० चा नववा भाग म्हणजे सव्वातीन फुटांहून थोडे जास्त, वक्ता कमरेपर्यंत भरून येतो. तेव्हा ७०-२०० निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. ती मोठ्या सभेची आणि मोठ्या लॉनवरच्या लग्नाची लेन्स आहे. अशी कामे महिन्यातून किती मिळतात, हा प्रश्न आहे.

ज्याच्याजवळ १८-५५ ची लेन्स आधीच आहे, त्याला एक पैसा खर्च न करता स्वतःची गरज तपासता येते. संगणकात फोटो उघडला की तो किती मिलिमीटरवर काढला ते माहितीत दिसते. गेल्या तीन-चार कामांतले चांगले शंभर फोटो निवडा आणि वहीत चार रकाने पाडा. १८ ते २४, २५ ते ४०, ४१ ते ५४ आणि पूर्ण ५५. प्रत्येक फोटोला एक रेघ मारा. जास्त रेघा दुसऱ्या रकान्यात असतील तर पहिली खरेदी ३५ ची. शेवटच्या दोन रकान्यांत असतील तर ५० ची. रेघा बहुतेक ५५ वरच असतील आणि तरी माणूस फोटोत लहान दिसत असेल, तर आणि तरच लांबच्या लेन्सचा विचार करावा.

पहिली लेन्स कोणती?

बहुतेकांच्या बाबतीत उत्तर येते ५० मिलिमीटर एफ १.८. ती कंपन्यांच्या स्वस्तातल्या स्वस्त लेन्सपैकी एक आहे. स्वस्त आहे म्हणून कमी दर्जाची आहे असे मात्र समजू नये. या लेन्सची मूळ रचना जुनी आणि साधी आहे. १८९६ साली जर्मनीत झाइस कंपनीत पॉल रुडॉल्फ यांनी 'प्लॅनार' नावाची सहा काचांची लेन्स काढली. त्याच घराण्यातली ही लेन्स आहे. कॅननच्या ५० एफ १.८ मध्येही सहाच काचा आहेत. कॅननने ती १९८७ साली आणली, १९९० साली आणखी स्वस्त केली आणि २०१५ साली धातूच्या बैठकीची, शांत मोटरची सुधारित आवृत्ती काढली. तिचे वजन फक्त १६० ग्रॅम आहे. झूम लेन्समध्ये काचा जास्त, सरकणारे भाग जास्त, म्हणून किंमत जास्त. ५० मध्ये आपण झूमचे पैसे देत नाही, फक्त उजेडाचे देतो.

चेहऱ्याच्या दृष्टीनेही ती बरी. साध्या लेन्सने १८ वर ठेवून जवळ जाऊन फोटो काढला की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. हा दोष लेन्सचा नसून अंतराचा आहे. माणसाच्या फार जवळ गेले की चेहरा बिघडतो. ५० च्या लेन्सने डोके आणि खांदे घ्यायचे तर आपण आपोआप पाच फुटांवर उभे राहतो. त्या अंतरावर चेहरा आपल्याला रोज दिसतो तसाच येतो आणि माणूसही अवघडत नाही. मागची दोरीवरची कपड्यांची रांग, फ्रिजवरची भांडी पुसट होतात. लहान घरात हा फार मोठा फायदा आहे.

एक सावधगिरी सांगतो. एफ १.८ वर पाच फुटांवरून काढलेल्या फोटोत जेमतेम अडीच इंच खोलीचा भागच स्पष्ट येतो. डोळ्यावर नेम धरला तर डोळे स्पष्ट आणि कान पुसट. एका माणसाला ते शोभते. दोन माणसे मागे-पुढे उभी असतील तर एक जण पुसट होतो आणि घरी भांडण होते. एकट्या माणसाला २ किंवा २.८, जोडप्याला ४, दोन रांगांच्या समूहाला ५.६ असे धोरण ठेवावे. समूहाला जुनी १८-५५ चीच लेन्स वापरावी. वर फ्लॅश असेल तर तो समोर न मारता पांढऱ्या छताकडे वळवावा. उजेड मऊ होऊन खाली येतो. छत निळे-हिरवे किंवा रंगीत कापडाचे असेल तर मात्र तसे करू नये, चेहऱ्यावर तोच रंग उतरतो.

आपल्या कार्यक्रमातल्या दोन अडचणी

पहिली अडचण दिव्यांची. आपल्या देशात वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे अनेक ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. शटर १/५०० वर नेले की फोटोत काळे-पिवळे पट्टे उमटतात. १/१०० किंवा १/५० वर ठेवले की पट्टे बहुधा जातात. नवी लेन्स आणल्याबरोबर फोटोत पट्टे आले म्हणून ती परत करायला निघू नये. दोष दिव्याचा असतो.

दुसरी अडचण पांढऱ्या कपड्यांची. आपल्या विवाहात वधू-वर पांढऱ्या वस्त्रात असतात, पाहुण्यांतही पांढरे कपडे पुष्कळ. कॅमेऱ्याला पांढरा, काळा असा भेद कळत नाही. समोर दिसेल ते मध्यम राखाडी धरून तो उजेड ठरवतो. पांढरे जास्त दिसले की तो फोटो काळपट करतो आणि मुळात सावळे असलेले चेहरे काळोखात जातात. कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचे बटण असते. अशा वेळी ते पाऊण ते एक पायरी अधिककडे न्यावे आणि पांढऱ्या साडीचे काठ, विणकाम दिसते ना तेवढे तपासून घ्यावे.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. अनेक अल्बमवाले संगणकावर नवरीला गोरी करून देतात, तिच्या हाताचा रंग एक आणि चेहऱ्याचा दुसरा. रंगाविषयीचा हा भेद फोटोच्या धंद्यात जुना आहे. पूर्वी रंगीत फोटो छापताना रंग जुळवायला कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एका गोऱ्या बाईच्या फोटोचे कार्ड पाठवीत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा रंग बरोबर आला की काम बरोबर, अशी रीत होती. काळ्या-सावळ्या लोकांचे चेहरे त्यात कसे येतात याचा विचार कितीतरी वर्षे झाला नाही. १९९० च्या दशकात निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांची कार्डे आली. आज आपल्या मुलांच्या हातात कॅमेरा आहे. त्यांनी सावळा चेहरा सावळाच, पण उजळ उजेडात आणि डोळे चमकते ठेवून काढावा. उजेड घेणारी लेन्स त्यासाठीच घ्यायची.

बसेल ना, ते विचारा

लेन्स घेताना कॅमेऱ्याचे नाव आणि नंबर कागदावर लिहून न्यावा. कंपनी एक असली तरी प्रत्येक लेन्स प्रत्येक कॅमेऱ्याला चालत नाही. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यांना जुनी 'एएफ-डी' लेन्स बसते, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. लग्नाच्या गर्दीत ते जमत नाही. त्या कॅमेऱ्यांना 'एएफ-एस' लिहिलेली लेन्स घ्यावी. अशी ५० एफ १.८ निकॉनने २०११ साली आणि लहान सेन्सरसाठीची ३५ एफ १.८ त्याआधी २००९ साली काढली.

कॅननच्या आरशाच्या डीएसएलआर कॅमेऱ्याला 'ईएफ' लेन्स चालते. २०१८ पासून आलेल्या 'आर' मालिकेतल्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांना 'आरएफ' लेन्स लागते. जुनी ईएफ लेन्स जोडकडी लावून नव्या कॅमेऱ्याला चालवता येते, पण आरएफ लेन्स जुन्या कॅमेऱ्याला कोणत्याही उपायाने चालत नाही. तेव्हा डीएसएलआरवाल्याने ईएफ घ्यावी, ती पुढेही वाया जाणार नाही.

जुनी लेन्स घेताना

जुनी लेन्स घेण्यात कमीपणा नाही. मुंबईत फोर्टमध्ये बोरा बझारच्या बाजूला कॅमेऱ्याची दुकाने आहेत. इतर मोठ्या शहरांतही दुरुस्ती करणारे लोक जुनी लेन्स ठेवतात. मात्र घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

लेन्सच्या मागून बॅटरीचा झोत टाकून पुढून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये. दोन-चार धुळीचे कण असतील तर बिघडत नाही. फोकसची कडी फिरवून पाहावी, अडकता कामा नये. आपला कॅमेरा बरोबर न्यावा आणि दुकानातच दोन फुटांवरचा छापील कागद, दहा फुटांवरचा माणूस आणि रस्त्यापलीकडची पाटी असे तीन फोटो मोठ्या भोकावर काढून मोठे करून पाहावेत. बिल घ्यावे, त्यावर लेन्सचा नंबर लिहून घ्यावा. बिल देत नसेल तर ती वस्तू कोणाच्या घरातून आली असेल हे सांगता येत नाही.

घरी आणल्यावर तिला पावसाळ्यापासून जपावे. कोकणात आणि मुंबईत दमट हवेने लेन्सला बुरशी धरते. तांदळाच्या डब्यात ठेवू नये, पीठ आणि कोंडा आत जातो. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरावी. चामड्याच्या पिशवीत महिनोन्महिने बंद ठेवणे वाईट.

आणि लेन्सच्याही आधी दोन गोष्टी हव्यात. एक जादा बॅटरी, एक जादा मेमरी कार्ड. लग्न पुन्हा लागत नाही.

आता साठ हजारांचा हिशेब

बचत गटाचे व्याज महिना २ टक्के धरू. ६०,००० चे कर्ज, १२ हप्ते, दरमहा मुद्दल ५,००० आणि उरलेल्या रकमेवर व्याज. पहिल्या महिन्यात भरायचे ५,००० अधिक १,२००, म्हणजे ६,२०० रुपये. वर्षाचे एकूण व्याज होते ७,८००. लेन्स पडली ६७,८०० ला. खाजगी सावकाराकडे शेकडा पाचने गेलात तर मुद्दल तसेच ठेवून नुसते व्याजच महिन्याला ३,००० होते, वर्षाला ३६,०००. त्या दारात तर पाऊलही टाकू नये.

समजा मुलाला हाताखालच्या कामाचे दिवसाला १,००० मिळतात आणि महिन्यात चार कामे होतात. कमाई ४,०००, हप्ता ६,२००. उरलेले २,२०० कोठून येणार? ताईंच्या स्वयंपाकाच्या पगारातून. शिवाय आपल्यात मुहूर्त पाहत नसले तरी बरीच लग्ने शाळेच्या सुट्टीत, एप्रिल-मे मध्येच निघतात. पावसाळ्यात कामे रोडावतात, हप्ता रोडावत नाही. आणि गटाचे साठ हजार एका घरी गेले की दुसऱ्या भगिनीला आजारपणासाठी पाच हजार हवे असतील तेव्हा पेटी रिकामी असते. हाही विचार करावा लागतो.

आता दुसरी बाजू. ५० ची लेन्स समजा १०,००० ला पडली. मुलाने ४,००० पैकी निम्मे बाजूला ठेवले तर पाच महिन्यांत ती येते, कर्ज नाही, व्याज नाही. मोठ्या सभेचे काम आले तर ७०-२०० भाड्याने आणावी. समजा भाडे दिवसाला ८०० आहे. ६०,००० मध्ये ७५ दिवसांचे भाडे निघते. महिन्यातून एकदाच लागत असेल तर सहा वर्षे पुरेल. शिवाय भाडे त्या कामाच्या बिलात लावता येते. स्वतःच्या नावावर अशी कामे महिन्यातून चार-पाच मिळू लागली आणि वहीत सलग सहा महिने तसे दिसले, की मग ती लेन्स जरूर घ्यावी. तेव्हा ती स्वतःचे पैसे स्वतः फेडील. येथे मांडलेले दर समजुतीसाठी आहेत, आपल्या गावचे दर घालून हीच बेरीज करावी.

चिरंजीवांना एक सांगणे आहे. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांनी ज्या रोलिफ्लेक्स कॅमेऱ्यावर कितीतरी काम केले, त्याची लेन्स बदलताच येत नाही. चालत पुढे जायचे, चालत मागे यायचे. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. एका आकड्याच्या लेन्सने हात बांधले जातात असे वाटेल तेव्हा हे आठवावे.

पहिले काम शेजारचे

लेन्स आल्यावर पहिले काम कोणते करावे, तेही सुचवतो. आपल्या वस्तीत एखादे म्हातारे माणूस गेले की घरच्यांची धावपळ होते ती फोटोसाठी. लग्नातल्या गर्दीतला अर्धा चेहरा कापून काढतात, नाहीतर आधार कार्डावरचा फोटो मोठा करतात. तो धुरकट असतो, माणूस घाबरलेला दिसतो. जिने चाळीस वर्षे घर उभे केले, तिचा भिंतीवरचा फोटो सरकारी यंत्राने काढलेला. हे बरे नाही.

मुलाने रविवारी सकाळी दाराशी किंवा खिडकीजवळ स्टूल ठेवावे. उन्हात नव्हे, उन्हाशेजारच्या सावलीत. चाळीतल्या प्रत्येक आजी-आजोबांना एकेक करून बसवावे. आजीला पदर नीट करू द्यावा, आजोबांना चष्मा पुसू द्यावा. पाच फुटांवर बसून, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला धरून, ५० च्या लेन्सने भोक २.८ वर ठेवून फोटो काढावा. वरून खाली पाहत काढू नये, माणूस लहान दिसतो. बोलत राहावे आणि नाव घेऊन हाक मारावी, मग डोळे जिवंत होतात. छपाईचा खर्च घरच्यांकडून घ्यावा, मेहनतीचे पैसे पहिल्या खेपेला घेऊ नयेत. पंचवीस घरांत त्याचे काम लागेल. त्या घरांतल्या पुढच्या साखरपुड्याला आणि नामकरणाला कोणाला बोलवायचे हे वेगळे सांगावे लागणार नाही.

ताई, तेव्हा गटाचे कर्ज काढू नका, पण मुलाला नाहीही म्हणू नका. त्याला एक वही आणि एक मोजपट्टी द्या. खोली मोजू द्या, रेघा मारू द्या, कमाईचा आकडा लिहू द्या. पाच महिन्यांनी तो स्वतःच्या पैशाची लेन्स घरी आणील. पहिला फोटो तुमचा काढायला सांगा.

पुढील अंकी : निवृत्तिवेतनाच्या कागदांत वारसाचे नाव कसे तपासावे.